एसीएल तुटल्यावर: एका सेंटर बॅकचे ३४३ दिवस

मी फुटबॉलमध्ये सेंटर बॅक, म्हणजे मधल्या बचावात, खेळते. १४ सप्टेंबरला, सामन्याच्या ६३व्या मिनिटाला, माझ्या डाव्या गुडघ्यातलं अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट (एसीएल), म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा आतला पट्टा, तुटलं. २३ ऑगस्टला मी पुन्हा सामन्यात उतरले. मधल्या दिवसांत मी रात्र रात्र जागून वाचलं. वैद्यकीय माहिती भरपूर मिळाली, मोठ्या खेळाडूंच्या पुनरागमनाच्या बातम्याही मिळाल्या. पण करार संपत आलेला असताना, विम्याचे फॉर्म स्वतःच भरत, बचावात खेळणाऱ्या मुलीनं या वर्षातून कसं जायचं, हे मात्र कुठे सापडलं नाही. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझं ऑपरेशन, माझा गुडघा, माझा करार, एवढंच इथे आहे.

त्या दिवशी मला कुणाचा धक्का लागला नव्हता. समोरची फॉरवर्ड चेंडू घेऊन अंगावर येत होती आणि मी तिला बाहेरच्या बाजूला ढकलत मागे मागे सरकत होते. हे काम मी अकरा वर्षं करते आहे. तिनं आत वळायची हूल दिली, मी डावा पाय रोवून वळले, पाऊल गवतात अडकून राहिलं आणि गुडघा आत मुडपला. ‘टक्’ असा आवाज झाला. गोली नंतर म्हणाली की तिलाही तो ऐकू आला होता.

कित्येक आठवडे मी स्वतःला दोष देत होते, की माझं वळणंच चुकलं. मग सर्जननी सांगितलं, की फुटबॉलमधल्या अशा दुखापतींच्या व्हिडिओंचा अभ्यास झाला आहे आणि त्यात सर्वांत जास्त वेळा आढळलेला प्रसंग हाच आहे: चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे आणि आपण तिच्यावर दबाव टाकायला गेलेलो. म्हणजे आमचं रोजचंच काम. हे ऐकून मला फार हलकं वाटलं. तुम्ही बचावात खेळत असाल आणि रात्री तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर हे लक्षात असू द्या.

मैदानावरच फिजिओताईंनी एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढून पाहिली. या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात. लिगामेंट शाबूत असेल तर ओढताना एका ठिकाणी घट्ट अडल्यासारखं होतं. त्यांनी डावा गुडघा पाहिला, मग उजवा, मग परत डावा. दुसऱ्यांदा डाव्याकडे वळल्या तेव्हाच मला काय ते समजलं.

गंमत वाटेल, पण मी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले. दहा मिनिटांनी दुखायचंही कमी झालं, आणि मी “जाऊ का परत?” असं विचारलंसुद्धा. चालता येतंय म्हणजे लिगामेंट शाबूत आहे, असं नसतं. दोन तासांत गुडघा फुगून वाटी दिसेनाशी झाली. इतक्या झपाट्यानं सूज येते तेव्हा सांध्यात रक्त साठलेलं असण्याची शक्यता मोठी असते.

त्या संध्याकाळी ताईंनी एक गोष्ट आग्रहानं करायला लावली. दुखापतीची नोंद सामन्याच्या अधिकृत अहवालात मिनिटासकट झाली आहे ना, हे पाहायला लावलं, आणि त्या क्षणाचा व्हिडिओ जपून ठेवायला सांगितला. तेव्हा मला ते अगदी कोरडं वाटलं होतं. पुढे विमा कंपनीनं सर्वांत आधी तोच कागद मागितला.

१७ सप्टेंबरला एमआरआय झाला. अहवाल दुसऱ्या दिवशी आला: एसीएल पूर्ण तुटलेलं, बाहेरच्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, उभी चीर, आणि हाडांना आतून मुका मार. आईला फोन केला. ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, “अगं, पण तू चालतेयस ना?” त्या प्रश्नावर मला रडू आलं. तोपर्यंत आलं नव्हतं.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत ऑपरेशन होईल. प्रत्यक्षात मी ३२ दिवस थांबले, आणि हे थांबणं उपचाराचाच भाग होता. सर्जनचे शब्द होते, “मला शांत गुडघा आणून द्या.” सूज उतरलेली हवी, पाय पूर्ण सरळ होत असला पाहिजे, आणि मांडीचा पुढचा स्नायू हुकमानं आवळता आला पाहिजे. ताठर, सुजलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो पुढे सरळ होताना त्रास देतो. म्हणून महिनाभर रोज दोनदा व्यायाम. त्या महिन्यात मिळवलेली ताकद नंतर फार कामी आली. ज्यांना ऑपरेशनची तारीख लांबल्यासारखी वाटते आहे, त्यांनी तो वेळ वाया चाललाय असं धरू नये.

त्याच महिन्यात कागदांचं काम केलं. सही करताना नीट न वाचलेला करार पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला. मला तीन गोष्टी शोधायच्या होत्या. दुखापतीत पगार पूर्ण मिळणार की काही महिन्यांनी कमी होणार? सर्जन निवडायचा हक्क कुणाचा? आणि करार संपल्यानंतरही चालू असलेल्या उपचाराचा खर्च कोण करणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं निघालं, मूळ पगार चालू राहणार होता, फक्त सामन्यागणिक मिळणारी रक्कम बंद होणार होती. दुसऱ्याचं उत्तर होतं क्लबच्या डॉक्टरांच्या संमतीनं माझी निवड. तिसऱ्याबद्दल करारात एक ओळही नव्हती. आणि करार ३० जूनला संपत होता. ऑपरेशननंतर लागणाऱ्या नऊ महिन्यांचा हिशोब मी बोटांवर केला: जुलैचा मध्य. म्हणजे बरी व्हायच्या आधीच मी बेकार होणार होते.

तेव्हा मला भीती वाटत होती की क्लब मला मधेच काढून टाकेल. ती निराधार होती. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार मुदत संपल्यावर किंवा दोघांच्या संमतीनं संपतो. एकतर्फी मोडायचा तर न्याय्य कारण लागतं, आणि नुसती दुखापत हे तसं कारण धरलं जात नाही. हे आधी ठाऊक असतं तर माझ्या निदान दहा रात्री वाचल्या असत्या. संमतीनं करार संपवण्याचा कागद कुणी पुढे केला, तर वकिलाला किंवा खेळाडूंच्या संघटनेला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.

विम्यासाठी पूर्वमंजुरी लागली. कंपनीनं दोनदा कागद परत पाठवले. एकदा सर्जनच्या पत्रावर दुखापतीची तारीख नव्हती म्हणून, दुसऱ्यांदा एमआरआयचा फक्त अहवाल जोडला होता, चित्रं नव्हती म्हणून. मंजुरी १२ ऑक्टोबरला आली, ऑपरेशनच्या चार दिवस आधी. दुसऱ्या सर्जनचं मत, ब्रेस, भाड्यानं घेतलेलं बर्फाच्या पाण्याचं यंत्र आणि ठरलेल्या संख्येपलीकडची फिजिओथेरपी यांतलं काहीच विम्यात बसलं नाही. वर्षभरात हा वरचा खर्च माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा झाला. आधीपासून बाजूला काढून ठेवा.

तुटलेल्या लिगामेंटच्या जागी स्वतःच्याच शरीरातला एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, घेऊन बसवतात. तो कुठून घ्यायचा, हा निर्णय बऱ्याच अंशी माझ्यावर सोडला होता. मांडीच्या मागून हॅमस्ट्रिंगचा, मांडीच्या पुढून क्वाड्रिसेप्सचा, किंवा वाटीखालच्या टेंडनची मधली पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट. सर्जननी विचारलं, “तू खेळताना काय करतेस ते सांग.” मी सांगितलं: वळून धावणं, हवेत उडी, पाठलाग करून घसरत टॅकल. पाठलागासाठी मला हॅमस्ट्रिंग शाबूत हवी होती, म्हणून वाटीखालचा टेंडन ठरला. हाड हाडाला लवकर जुळतं, हा त्याचा फायदा. तोटाही त्यांनी स्पष्ट सांगितला, गुडघ्यावर टेकताना पुढे दुखत राहू शकतं. तसं आजही दुखतं. घसरत टॅकल करताना मी आता उजवा गुडघा खाली ठेवते.

मेनिस्कसबद्दल दोन शक्यतांवर सही घेतली गेली, शिवता आला तर शिवायचा, नाही तर फाटलेला तुकडा काढायचा. शिवला तर सुरुवातीचे आठवडे फार हळू जातात. मी म्हटलं, शक्य असेल तर शिवाच. ती गादी पुन्हा येत नाही.

आणखी एक कागद आमच्या लक्षातून सुटतो, उत्तेजक पदार्थांच्या नियमांचा. मी चाचणीच्या यादीत आहे, म्हणजे रोज एक तास मी कुठे सापडेन हे आधी कळवावं लागतं, आणि बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली की ते नियमभंगात मोडतं. खेळत नसलो तरी ही जबाबदारी सुटत नाही. ऑपरेशनच्या दिवसासाठी मी रुग्णालयाचा पत्ता भरला होता. सलाईनचंही तसंच आहे. बारा तासांत १०० मिलिलीटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घ्यायला बंदी आहे, पण रुग्णालयातले उपचार आणि शस्त्रक्रिया यांना ती लागू होत नाही. भूल, सलाईन, वेदनाशामकं यांची नोंद असलेला डिस्चार्जचा कागद मी स्कॅन करून ठेवला आहे.

१६ ऑक्टोबरला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. कमरेतून भूल होती. मेनिस्कस शिवला गेला. मला सर्वांत जास्त आठवते ती दुसरी सकाळ. ताई म्हणाल्या, “मांडी आवळ.” मी आवळली. काहीच हललं नाही. माझाच पाय, समोर दिसतोय, आणि माझा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. मी घाबरून गेले. ऑपरेशननंतर सूज आणि वेदना यांमुळे मेंदू त्या स्नायूला जणू बंद करून टाकतो, असं त्यांनी समजावलं. विजेचे हलके झटके देणाऱ्या पट्ट्या लावल्या. चौथ्या दिवशी वाटी दोन मिलिमीटर वर सरकली, आणि खोलीत असलेल्या आम्ही तिघी अक्षरशः ओरडलो.

पहिल्या सहा आठवड्यांत दोनच ध्येयं होती: पाय पूर्ण सरळ होणं आणि सूज कमी राहणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा, दहा मिनिटं, दिवसातून सहा वेळा. दिसायला काहीच नाही, पण पहिले पंधरा दिवस मी ते दात आवळून केलं. मेनिस्कस शिवलेला असल्यामुळे चार आठवडे दोन कुबड्या, आणि सहा आठवडे ९० अंशांपलीकडे वाकवायचं नाही. कुबड्या असताना पाठीवर सॅक ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात. अंघोळीसाठी प्लॅस्टिकची खुर्ची पहिल्या दिवसापासून हवी. मांडीचा घेर मी दर आठवड्याला एकाच जागी, वाटीच्या वर १५ सेंटिमीटरवर, टेपनं मोजत होते. तिसऱ्या आठवड्यात तो साडेतीन सेंटिमीटरनं कमी भरला. रात्री मी माझीच मांडी हातानं चाचपून बघायची आणि ती माझी वाटायची नाही.

नोव्हेंबरमध्ये क्लबनं स्पर्धेच्या यादीतून माझं नाव काढलं. यादीत जागा मर्यादित असतात आणि माझ्या जागी दुसरी सेंटर बॅक घ्यायची होती. व्यवस्थापकांनी आधी फोन करून सांगितलं, कराराला धक्का लागणार नाही असंही म्हणाले. सगळं रास्त होतं. तरीही यादीत माझा नंबर दुसऱ्या नावासमोर पाहून मी फोन पालथा ठेवला आणि दोन दिवस व्यायामाला गेले नाही. ताईंनी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा फक्त म्हणाल्या, “दोन दिवसांचं राहिलेलं आज नाही करायचं. आजचं आज.”

तेव्हा दुसऱ्यांच्या गोष्टींनी मला सावरलं. लिया विल्यमसन माझ्यासारखीच बचावात खेळते. १९ एप्रिल २०२३ला तिचं एसीएल गेलं आणि त्या वर्षीचा विश्वचषक हुकला. तिच्या क्लबमध्ये, आर्सेनलमध्ये, त्याच एका मोसमात बेथ मीड, व्हिव्हियाने मिडेमा, ती आणि लॉरा वीनरॉइथर अशा चौघींची हीच दुखापत झाली होती. विल्यमसन जानेवारी २०२४मध्ये परतली आणि २०२५चा युरो करंडक इंग्लंडची कर्णधार म्हणून तिनं उचलला. मला त्यातला करंडक तितका महत्त्वाचा वाटला नाही. एप्रिल ते जानेवारी हे अंतर मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजायची.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी अगदी छान वाटू लागलं. सूज नाही, चाल सरळ, सायकल सुरू. इथेच सर्वांत जास्त सांभाळायचं असतं. बसवलेल्या टेंडनचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर त्याला हळूहळू आतून पुन्हा घडवतं, आणि त्या काळात तो सुरुवातीपेक्षा कमकुवत असतो. बाहेरून काहीही कळत नाही. मी एकदा जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या सवयीनं उडी मारून उतरले आणि खाली पोचल्यावर घाम फुटला. काही झालं नव्हतं, पण त्या दिवसापासून प्रत्येक जिन्याला कठडा धरला.

जानेवारीत पहिली ताकद-चाचणी झाली. यंत्राच्या खुर्चीवर पट्ट्यांनी बांधतात आणि पाय ठरावीक वेगानं सरळ करायला लावतात. डावा पाय उजव्याच्या ५८ टक्के भरला. मैदानात परतायला निदान ९० लागतात. इथे एक गोष्ट सांगते जी मला उशिरा कळली. ही तुलना दुसऱ्या पायाशी असते, आणि तीन महिने बसून दुसरा पायही अशक्त झालेला असतो. त्यामुळे टक्के फसवे असू शकतात. माझ्या सुदैवानं जुलैत, मोसमाआधी, आम्हा सगळ्यांची हीच चाचणी झाली होती आणि आकडे क्लबकडे होते. ताईंनी पुढे सगळी तुलना माझ्या त्या जुन्या उजव्या पायाशी केली. तुम्ही आज तंदुरुस्त असाल तर दर मोसमाआधी चाचणी करून घ्या आणि आकड्यांची प्रत स्वतःजवळ ठेवा.

करार संपायला सहा महिने किंवा कमी उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी बोलणी करून पुढचा करार करता येतो. म्हणून १ जानेवारीपासून माझ्या एजंटनं विचारणा सुरू केली. एका क्लबनं उत्सुकता दाखवली, एमआरआय आणि ऑपरेशनची टिपणं मागितली. सही झाल्यावर वैद्यकीय तपासणीवर करार अडवता येत नाही, त्यामुळे सगळे क्लब तपासणी आधीच करून घेतात; हे मला मान्यच होतं. तीन आठवडे त्यांचं उत्तर आलं नाही. मग एका ओळीचा निरोप आला की त्यांनी दुसरी खेळाडू घेतली आहे. माझे वैद्यकीय कागद कुणाकडे गेले आणि कोणत्या तारखेला, याची वही मी तेव्हापासून ठेवायला लागले. संमतीपत्रात ‘फक्त या तपासणीपुरते’ असं लिहून द्यायचं, हेही तेव्हाच शिकले.

९ फेब्रुवारीला पहिल्यांदा धावले. ट्रेडमिलवर, एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, असं आठ वेळा. माझ्या पावलांचा आवाज सारखा येत नव्हता, उजवं जड, डावं हलकं. शरीर चोरून त्या पायाला वाचवत होतं. तो आवाज सारखा व्हायला पाच आठवडे लागले. मार्चमध्ये उड्या सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात गुडघा पुन्हा सुजला. मला वाटलं, संपलं. ताईंनी दोन आठवडे उड्या बंद केल्या, मग निम्म्यानं सुरू केल्या. काम केल्याच्या दुसऱ्या सकाळी गुडघा काय म्हणतो ते पाहायचं, हा नियम तेव्हापासून लागला. त्या क्षणी दुखलं नाही म्हणजे झेपलं, असं नाही. दुसऱ्या सकाळची सूज खरं सांगते.

एप्रिलमध्ये, सहाव्या महिन्यात, चेंडू पायाला लागला. चाचणी ७७ टक्के. आणि मग मे महिना आला.

संघाचे चार सामने उरले होते, तळातून वर यायचं होतं, आणि दोन सेंटर बॅक जखमी होत्या. प्रशिक्षकांनी मला बोलावलं. “तू मागे उभी राहून फक्त लाईन सांभाळ. धावायचं काम दुसऱ्या करतील,” ते म्हणाले. लाईन म्हणजे आम्हा बचावपटूंची रांग. त्यांनी जबरदस्ती केली नाही, हे मला नमूद करायचं आहे. पण करार जूनमध्ये संपत होता, आणि त्या खोलीत मला दुसरं काही दिसत नव्हतं. मी हो म्हणणार होते. ताईंनी चाचणी घेतली: ८४ टक्के. त्याबरोबर मनाच्या तयारीची बारा प्रश्नांची प्रश्नावली असते, तीत मला शंभरपैकी ४१ मिळाले. ‘प्रतिस्पर्ध्याच्या जवळ खेळताना गुडघ्याचा विचार न करता खेळू शकाल का’ अशा अर्थाच्या प्रश्नाला मी जवळजवळ शून्य दिलं होतं.

सर्जननी एका अभ्यासाचा आधार दिला: मैदानात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं पुढे ढकलावं, तितका प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा धोका सुमारे निम्म्यानं कमी होत गेला होता. आणि नेदरलँड्सचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकची आठवण करून दिली. तो १७ ऑक्टोबर २०२०ला जखमी झाला, ३० ऑक्टोबरला ऑपरेशन. पुढच्या मे महिन्यात युरो स्पर्धा समोर असताना त्यानं स्वतःहून नाही म्हटलं आणि तो २९ जुलै २०२१च्या सराव सामन्यात परतला. जगातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक जर स्वतःच्या देशाला थांबा म्हणू शकतो, तर मी चार सामन्यांसाठी म्हणू शकत होते. मी प्रशिक्षकांना चाचणीचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, परत दिला आणि “ठीक आहे” म्हणाले. संघ वाचला. पण त्या चार सामन्यांत मी प्रेक्षकांत बसून प्रत्येक क्रॉसला पाय आवळत होते.

२६ मेला क्लबनं एका वर्षाचा करार पुढे केला. मूळ पगार कमी, सामन्यागणिक रक्कम जास्त. मी दोन बदल मागितले. आधीच्या दुखापतीचा उपचार नव्या करारातही क्लबच्या खर्चानं चालू राहील, हे लेखी हवं. आणि खेळायला तयार असल्याचा दाखला क्लबचे डॉक्टर आणि माझे सर्जन दोघांच्या सहीनं हवा. पहिला लगेच मान्य झाला, दुसऱ्याला नऊ दिवस लागले. ४ जूनला सही केली. पगार कमी झाल्याचं वाईट वाटलं, पण त्या रात्री आठ महिन्यांनी सलग झोपले.

या सगळ्यात बचावपटूचं म्हणून जे वेगळं आहे, ते खरं तर शेवटच्या तीन महिन्यांत आहे, आणि त्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचंय. फॉरवर्ड कधी वळायचं ते स्वतः ठरवते. तिला पाय कुठे पडणार ते आधी ठाऊक असतं. आपल्याला नसतं. आपण तिच्यामागून, अर्ध्या क्षणानं, उलटं धावता धावता वळतो. शंकूंमधून नागमोडी धावण्यात मी जूनमध्येच जुन्या वेळेच्या जवळ पोचले होते. पण शंकू हलत नाहीत. ताईंनी हात वर केला तर डावीकडे, खाली केला तर उजवीकडे, असा सराव सुरू झाला तेव्हा माझा वेग एकदम पडला. डावीकडे वळायचं असलं की मी एक छोटं जादा पाऊल टाकत होते. मला ते कळतही नव्हतं. व्हिडिओ हळू करून दाखवला तेव्हा दिसलं.

ते जादा पाऊल काढायला सहा आठवडे गेले. आधी चालत्या वेगानं, मग धावत. आधी हाताची खूण, मग रंगीत दिवे, मग चेंडू घेतलेली खरी खेळाडू, आधी दहा मीटर अंतरावर, मग पाच, मग दोन. हेडिंगसाठी मी हवेत असताना ताई फोमच्या गादीनं खांद्यावर ढकलायच्या आणि मी एका पायावर उतरायचं. सामन्यात आपण सरळ कधी उतरतो? कुणाचं तरी कोपर लागलेलंच असतं. तुमच्या पुनर्वसनाच्या आराखड्यात उलटं धावून वळणं, ढकललं जात उतरणं आणि दुसऱ्याच्या हालचालीला प्रतिसाद देणं हे तीन भाग नसतील, तर विचारून घ्या. आराखडे बहुतेकदा सर्वसाधारण असतात.

१७ जुलैला, ऑपरेशनला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, शेवटची चाचणी झाली. ताकद ९३ टक्के, जुन्या आकड्यांच्या तुलनेत. एका पायावरच्या चारही उड्या ९० च्या वर. प्रश्नावलीत ७६. दोन्ही सह्यांचा दाखला २१ जुलैला मिळाला आणि नव्या मोसमाच्या नोंदणीत माझं नाव गेलं. नंबर मात्र नवा मिळाला, जुना जिला दिला होता तिच्याकडेच राहिला, आणि ते योग्यच होतं. ती गेल्या मोसमात त्या नंबरात घाम गाळून खेळली होती.

अंगाला अंग लागणाऱ्या सरावाचा पहिला दिवस विसरणार नाही. सगळ्या जणी माझ्यापासून हातभर लांब राहत होत्या. शेवटी आमच्या सर्वांत अनुभवी स्ट्रायकरनं येऊन मला खांद्यानं सरळ आडवं केलं. उठवताना म्हणाली, “हे कुणीतरी करायलाच हवं होतं गं.” गुडघ्याला काही झालं नाही. मी त्यानंतर तिला दोनदा आडवं केलं.

२३ ऑगस्टच्या सराव सामन्यात २० मिनिटं खेळले. मग ४५, मग ६०. २० सप्टेंबरला लीगमध्ये पूर्ण ९० मिनिटं. त्या सामन्यात आम्ही एक गोल खाल्ला आणि चूक माझी होती. बाकीच्या तिघी लाईन वर घेऊन गेल्या, मी एक पाऊल मागे राहिले आणि त्यांची फॉरवर्ड ऑफसाइडमधून सुटली. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर तो क्षण तीनदा लावला. “तू कुणाकडे बघत होतीस? हाक तुझी होती ना?” चांगलेच रागावले होते. मी डाव्या पायावर होते की उजव्या, हे कुणी विचारलं नाही. सराव संपल्यावर आम्ही चौघी अर्धा तास तेवढंच करत राहिलो, मी हाक देत होते आणि लाईन वर जात होती.

गुडघा अजून बोलतो. वाटीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि प्रत्येक सरावाआधी वीस मिनिटांचा दुखापत टाळण्याचा वॉर्म-अप मी सोडलेला नाही. विम्याच्या भरपाईचा शेवटचा हप्ता ऑक्टोबरात जमा झाला. पुढची ताकद-चाचणी जानेवारीत आहे, आणि या वेळी उजव्या पायाचे आकडेही मी लिहून घेणार आहे.